एक जानेवारीच्या म्हाताऱ्या

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आटपाडीत आलेले त्रिकाळ महाराज डोळे मिटून समोरच्या बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख घडाघडा सांगत होते. "विश्वाचा लेखा आम्हांस दिसतो, माते!" लेखा म्हणे! मी रसूल, स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान. असल्या महाराजांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. पण बयाबाई तिथं बसली होती, म्हणून गेलो.

बयाबाई आणि आकाराम मेंढरं राखतात. त्यांचा मुलगा धनाजी तीन वर्षांमागं बापाशी भांडून निघून गेला. त्याला आईचा तेवढा एकच नंबर पाठ. सहा-सहा महिन्यांनी कुठूनतरी फोन यायचा. तो बोलायचा नाही, नुसता ऐकायचा, आणि ही बोलत राहायची. नंबर बंद पडू देऊ नको, एवढंच ती मला सांगायची.

"शालूबाई, जन्म एक जानेवारी!" लोकांनी हात जोडले. "मनुबाई, एक जानेवारी!" पुन्हा जयजयकार. मग बयाबाई. तीसुद्धा एक जानेवारी!

मला राहवेना. बयाबाईला विचारलं, "आवं मावशी, तुमचा जन्म कवाचा?"

"आई म्हनायची, मेंढरं कोकणातनं माघारी येताना, भर उन्हाळ्यात."

"ऐका! तारीख ठाऊक नसलेल्या समद्या म्हाताऱ्यांना आधारच्या शिबिरात एक जानेवारी लावून टाकली. तीच सिमच्या फॉर्मात गेली. गेल्या महिन्यात सिमच्या कंपनीकडची समद्यांची माहिती चोरीला गेली, गड्यांनो. दारात टोकनला तुमचा मोबाईल नंबर घेत्यात, तो टाकला की फॉर्म उघडतोय. ह्यो तुमचं नशीब वाचत न्हाई, दुसऱ्याकडनं फॉर्म वाचून घेतोय!"

आकारामनं पुढं होऊन महाराजांचा फेटा ओढला. फेट्याखाली कानात लपवलेलं, आवाज ऐकायचं बटण सगळ्यांनी पाहिलं. एकच गलका झाला.

बयाबाई मात्र जागची हलली नाही. "रसूल, सकाळी ह्यानं माझ्या हातावर भंडारा ठिवला. म्हनला, लेकरू फोनवर येतंय, फोनात आलेला आकडा सांग."

"आन् तो ओटीपी सांगितला? मी किती येळा बजावलंय!"

"ठाऊक होतं रं. पर हातात भंडारा आसताना न्हाई कसं म्हनू?"

तिचा फोन पाहिला, रेंज गेली होती. त्या आकड्यावर चोरांनी तिचा नंबर आपल्या सिमवर नेला. त्यावरून चार जणांना फसवलं, तक्रारी झाल्या आणि कंपनीनं नंबर कायमचा बंद केला. मिरजेच्या ऑफिसात मी तीनदा हात जोडले. नाही म्हणजे नाहीच.

"धनाजीनं लावला तर त्याला काय ऐकू यील रं?" तिनं विचारलं.

"हा नंबर अस्तित्वात न्हाई, आसं."

ती गेली आणि मी दुकानातच रडलो. चोरीची बातमी मी वाचली होती. गिऱ्हाइकांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

म्हणून आता सांगतो. चोरीला गेलेली माहिती परत येत नसते. तुमची जन्मतारीख, आधार नंबर कुणी तोंडपाठ सांगितला, तर त्याच्याकडे चोरीचा माल आहे एवढंच समजा. जुने पासवर्ड बदला, सिमला पिन लावा. रेंज अचानक गेली आणि येईना, तर लगेच कंपनी आणि बँक गाठा. फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगू नका, मग हातात भंडारा असो नाहीतर कुराण. देवाला असले आकडे लागत नाहीत.

आणि धनाजी, हे तुझ्या वाचनात आलं, तर फोन लावत बसू नको गड्या. घरी ये.