शनीचं कडं कोणी पुसलं?

मी दुर्बीण बोलतेय. 'किती पट मोठं दिसतं हो?' हा प्रश्न ज्यांच्या ओठांवर आला असेल त्यांनी तो तिथेच गिळावा, म्हणजे आपलं जमेल. गेल्या अकरा वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की मला पोट असतं तर पित्त उसळलं असतं.

पटींचं काय घेऊन बसलात? पट माझ्यात नसतातच. त्या डोळा लावायच्या छोट्या भिंगात असतात. भिंग बदललं की पट बदलली. माझं काम उजेड गोळा करणं. तुमच्या डोळ्याची बाहुली अंधारात फार तर करंगळीच्या नखाएवढी उघडते, आणि तेवढ्याशा भोकातून तुम्ही अख्खं आकाश पाहायला निघता. माझा आरसा जेवणाच्या ताटलीपेक्षा थोडा लहान आहे. तो तुमच्या डोळ्याच्या चारशेपट उजेड ओढून घेतो आणि नळीच्या तोंडाशी एका ठिकाणी आणून ठेवतो. एवढंच आहे सगळं. पण एवढंसुद्धा कोणी विचारत नाही. विचारतात काय, तर समोरच्या इमारतीतलं दिसतं का?

माझा जन्म चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. चष्मेवाला दिवसभर लोकांचे नंबर तपासायचा, चष्म्यांच्या दांड्या वाकवून कानांवर बसवायचा आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं की मागे येऊन काच घासायचा. दोन जाड गोल काचा, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड. खालची काच एका पिंपावर घट्ट बसवलेली. वरची तिच्यावर पुढे-मागे, पुढे-मागे. थोड्या वेळाने काच जराशी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा पुढे-मागे. असे पाच महिने तो त्या पिंपाला प्रदक्षिणा घालत होता. त्यातून वरची काच हळूहळू खोलगट झाली. ती खोलगट काच म्हणजे मी. नळी, लाकडी बैठक, स्क्रू हे सगळं नंतर आलं.

शेवटी माझ्या तोंडावर चकचकीत लेप चढला. तुमच्या घरच्या आरशाचा लेप काचेच्या मागे असतो, म्हणून तुम्ही तो खुशाल पुसता. माझा पुढे असतो आणि केसापेक्षा कैक पटींनी पातळ असतो. त्याला बोट लावायचं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चष्मेवाल्याने भिंगांसाठी एक लाकडी डबा केला आणि त्याच्या झाकणाच्या आत स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला. सूर्याकडे कधीही, चुकूनसुद्धा, माझ्यातून बघायचं नाही. वापरण्याआधी अर्धा तास मला बाहेर ठेवायचं, म्हणजे नळीतली हवा निवते आणि चित्र उकळल्यासारखं हलत नाही. खिडकीच्या काचेतून बघायचं नाही. आरशाला हात लावायचा नाही, थोडी धूळ चालते. असं बरंच काही त्यावर होतं. लोक जे जे विचारतात त्या सगळ्याची उत्तरं त्या एका कागदावर होती.

मग मला सर्वज्ञाने विकत घेतलं.

सर्वज्ञ हे नाव मी ठेवलेलं. तो एका कचेरीत हेडक्लार्क होता आणि वाचायचा चष्मा करायला आला होता. मला कोपऱ्यात पाहून त्याचे डोळे चमकले. चष्मेवाला त्याला तासभर एकेक गोष्ट समजावत होता आणि हा मान हलवत 'हो, हो, माहीत आहे' म्हणत होता. एकदाही 'का?' म्हणाला नाही. घरी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल? डब्याच्या झाकणातल्या त्या कागदावर स्वतःचं नाव, हुद्दा आणि खाली ठळक अक्षरात 'हात लावू नये' असं लिहिलेलं लेबल चिकटवलं. बरोब्बर वर. चष्मेवाल्याचा सगळा मजकूर त्याखाली गेला.

हात लावू नये ही सूचना पाहुण्यांसाठी नव्हती, बायकोसाठी होती.

पुढची सात वर्षं मी गच्चीवर त्याची मिरवायची वस्तू होऊन राहिले. पाहुणे आले, जेवणं झाली की मला गरम खोलीतून उचलून थेट बाहेर आणायचं. अर्धा तास थांबेल तो सर्वज्ञ कसला. त्याला फक्त शनी दाखवता यायचा, कारण शनीला कडं असतं आणि कडं पाहून लोक तोंडात बोट घालतात. तेही कायम सगळ्यात जास्त पटीचं भिंग लावून. पट जितकी जास्त तितका दिसणारा आकाशाचा तुकडा छोटा. पृथ्वी फिरत असल्यामुळे मिनिटभरात शनी त्यातून सरकून बाहेर जायचा. पाहुण्यांची तर काय तऱ्हा. एक डोळा मिटताना सगळं तोंड वाकडं करतील, माझी नळी आधाराला धरतील, भिंगावर श्वास सोडतील. निम्म्यांचा डोळा भिंगासमोर नीट आलेलाच नसायचा, त्यांना काळोखाशिवाय काही दिसायचं नाही. तरी 'वा, काय सुंदर' म्हणून बाजूला व्हायचे. मागचा काय म्हणेल म्हणून.

त्याची बायको रांगेत शेवटी असायची. आधी सगळ्यांना चहा, मग कपबशा गोळा करणं, मग ती. तिची पाळी यायची तेव्हा शनी सरकलेला असायचा. ती वाकायची, काळोख बघायची आणि म्हणायची, "अहो, काही दिसत नाही."

"सरकला असेल. आता काय, नंतर बघ," असं म्हणून तो माझ्यावर खोळ घालायचा. सात वर्षांत ते नंतर कधी आलं नाही. पण एक सांगते, काही दिसलं नाही तेव्हा 'वा' न म्हणणारी ती एकटीच होती.

मग त्याच्या साहेबांनी सपत्नीक जेवायला यायचं कबूल केलं. सर्वज्ञाच्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, त्यामुळे घरात चार दिवस झाडलोट चालली होती. माझ्यात डोकावून तो बायकोवर खेकसला की आत धूळ बसलीय, हे काय दाखवायचं साहेबांना. आणि कचेरीला निघून गेला.

तिने मनावर घेतलं. माझ्या बुडाचे तीन स्क्रू काढले. काढण्याआधी पेन्सिलीने खुणा केल्या, म्हणजे आरसा होता तस्साच परत बसवता यावा. एवढी अक्कल मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिली. पण पुढे तिने ओलं फडकं घेतलं, त्यावर भांड्यांचा साबण घेतला आणि माझं तोंड पातेल्यासारखं घासलं. कोरड्या फडक्याने चमकवलंसुद्धा. लेपावर केसासारखे शेकडो ओरखडे उठले. त्या दुपारी मी तिला मनातल्या मनात इतकं बोलले की सांगायची सोय नाही.

रात्री साहेब वाकले. सर्वज्ञ शेजारी हात चोळत उभा होता.

"गोळा दिसतोय," साहेब म्हणाले. "कडं कुठाय?"

सर्वज्ञाने बघितलं. गोळा होता. कडं नव्हतं. भिंग बदललं, नळी हलवली, भिंग पुसलं. कडं नव्हतंच. साहेबांच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला. साहेब म्हणाले की असू द्या हो, चंद्र असेल तेव्हा बोलवा. तेवढ्यात बायको भोळेपणाने बोलून गेली की मी तर दुपारीच आरसा लख्ख पुसला होता.

"तू पुसलंस ते," सर्वज्ञ सगळ्यांदेखत म्हणाला. "कडं पुसलंस तू."

बढती हुकली. ती कशानेही हुकली असती, माणूसच तसा होता. पण त्याला कारण मिळालं. मला माळ्याखालच्या अडगळीत उभं केलं आणि तीन वर्षं घरात येईल त्याला तो सांगत राहिला की आमच्याकडे कड्याचा शनी दिसायचा, हिने पुसला. लोक हसायचे. तीही कसनुशी हसायची. अडगळीत झाडू ठेवायला आली की माझ्याकडे बघायची नाही. तिने ते खरं मानलं होतं. एवढं काही आपल्या हातून पुसलं गेलं, या विचाराने ती आतून झिजत होती आणि मला सगळं ठाऊक असून तोंड उघडता येत नव्हतं.

कारण कडं कोणी पुसलं नव्हतं. शनीचं कडं रुंद आहे पण जाडीला काहीच नाही. आपल्याला ते कधी वरून दिसतं, कधी खालून, आणि दर चौदा-पंधरा वर्षांनी अगदी कडेवर येतं. ताटली डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा, मग कळेल. मधली कित्येक वर्षं ते बारीक होत चाललं होतं, दर वर्षी थोडं थोडं. पाहणाऱ्याला दिसलं असतं. पण सर्वज्ञ पाहत नव्हता, तो दाखवत होता. आणि लेबलाखालच्या कागदावर शेवटची ओळ हीच होती.

शेवटी एका रविवारी त्याने फर्मान काढलं की पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याला बोलवायचं. दुसऱ्या दिवशी तो कचेरीला गेल्यावर तिने मला जुन्या चादरीत गुंडाळलं, डबा पिशवीत घातला आणि बसमध्ये मांडीवर आडवं धरून चष्मेवाल्याकडे आणलं. दोन प्रवासी विचारत होते, बाई, हे काय आहे. ती म्हणाली, "बिघडवलेली वस्तू आहे."

चष्मेवाला थकला होता, त्याचा स्वतःचाच चष्मा जाड झाला होता. तिने सगळं सांगितलं. साबण, फडकं, सगळं. म्हणाली की कडं परत आणता येत असेल तर आणा, नाहीतर तसं स्पष्ट सांगा. त्याने आरसा उजेडाकडे धरला, ओरखडे पाहिले आणि त्याला वाईट वाटलेलं मला दिसलं. पाच महिने पिंपाभोवती तो फिरला होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"बाई, ओरखडे तुमचे आहेत," तो म्हणाला. "कडं तुमचं नाही. तिथवर कोणाचा हात पोचत नाही."

त्याने पिशवीतला डबा मागितला, उघडला आणि लेबल वाचलं. मग ओल्या कापसाने कडा भिजवून ते लेबल हळूच सोडवलं. खालची शाई थोडी पसरली होती, पण वाचता येत होतं. शेवटची ओळ त्याने तिलाच वाचायला लावली. 'काही वर्षांनी शनीचं कडं दिसेनासं होईल. दुर्बीण बिघडलेली नसते. धीर धरावा.'

ती तिथल्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला रडणारी माणसं आवडत नाहीत, भिंगावर बाष्प धरतं. पण त्या वेळी माझी काही तक्रार नव्हती.

नंतर तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि चष्मेवाला एकेकाचं उत्तर देत गेला. दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर धड प्रश्न आले. चित्र उलटं का दिसतं? कारण आरसा वरचा उजेड खाली आणि खालचा वर नेतो, आणि आकाशाला वर-खाली नसतंच. शनी सरकून का जातो? तो नाही, तुम्ही सरकताय. मग मला बघायला वेळ कसा मिळणार? कमी पटीचं भिंग लावा, चार मिनिटं मिळतील. ओरखड्यांनी किती बिघडलं? थोडं अंधूक दिसेल, इतकंच. तिने सगळं पिशवीतल्या वाणसामानाच्या यादीमागे लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिने मला एकटीने गच्चीवर नेलं. अर्धा तास निवू दिलं. न लुकलुकणारा पिवळसर ठिपका शोधला, कमी पटीचं भिंग लावलं, वाकली. माझी नळी धरली नाही. श्वास बाजूला सोडला. आणि माझ्या ओरखडे पडलेल्या तोंडातून तिने ते पाहिलं. छोटंसं, तिरपं, भोवती पोकळी असलेलं, उघडलेलं कडं.

"आहे," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे, तिथे फक्त मी होते.

चार मिनिटं पुरी पाहून मग तिने त्याला हाक मारली. तो टीव्हीसमोरून कुरकुरत उठून आला, चपला फरफटवत. वाकला.

"काही दिसत नाही."

"सरकला असेल," ती म्हणाली. "नंतर बघा."

तो सरळ झाला आणि तिच्याकडे बघत राहिला. मग तिने नळी बोटाने जराशी हलवली आणि त्याला पुन्हा वाकायला सांगितलं. बराच वेळ तो वाकलेलाच होता. उठला तेव्हा आवाज बारीक झाला होता.

"म्हणजे परत आलं?"

"गेलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि उघडलेला डबा त्याच्यापुढे धरला. त्याने शेवटची ओळ वाचली. क्षमा मागितली का म्हणता? नाही. तेवढा मोठा तो नाही. पण कडं कोणी पुसलं ही गोष्ट त्याने त्यानंतर कोणाला सांगितली नाही.

आता मी जुनी झालेय. ओरखडे आहेत, बैठकीचं लाकूड करकरतं, नळीला एक पोचा आहे. पाहुणे आले की तीच मला बाहेर काढते, तीच सांगते, आणि कोणी पटींचं विचारलं की त्याला झाकणातला कागद वाचायला देते. तुम्हीही या कधी. डोळा नीट लावा, आणि दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणा, मी तेवढ्यावर तुम्हाला माणसात धरीन.

सर्वज्ञ हल्ली चहाच्या कपबशा गोळा करतो आणि रांगेत शेवटी उभा राहतो. त्याची पाळी येते तेव्हा शनी सरकलेला असतो. ती दर वेळी तो त्याला परत आणून देते. एवढं तिने करायची काही गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.