लाल पट्ट्याशी उभी बुटकी

साथीच्या रोगांच्या जुन्या इस्पितळाचं आता कलादालन होणार होतं. चुन्याच्या गिलाव्याचं काम गवंडीणबाईंकडे होतं. पासष्टी गाठली तरी थापीवरचा हात कापत नव्हता, आणि जीभ थापीहून धारदार. "लिंपायला काय, गाढवही चालतं. कुठे थांबायचं हे कळायला अक्कल लागते," असं हाताखालच्या बायांना त्या ऐकवत.

थांबण्याची रीतच असते या कामात. प्रत्येक खोलीत जुन्या गिलाव्याची हातभर चौकट तशीच सोडायची. तिला 'साक्ष' म्हणतात. मुलांच्या वॉर्डातली साक्ष बाईंनी दाराजवळ निवडली. वरचा रंग खरवडला आणि त्यांच्या हातातली पटाशी गळून पडली.

खाली लाल पट्टा होता. दाराच्या आतबाहेर दोन्हीकडे तो असे. त्याहून बुटक्या मुलांना भेटायला आत सोडत नसत. पट्ट्याखाली शिसपेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक. प्रत्येकीपुढे बाईंच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या अक्षरात एकच शब्द: बुटकी.

बुटकी म्हणजे बाईच. ताई सात महिने आत होती. धाकटी केवढी झाली असेल याचा अंदाज ती भिंतीवर मांडत होती. शेवटची रेघ पट्ट्याला बरोब्बर टेकली होती. ताई तिथून घरी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या वर नवी रेघ दिसली.

"कुणाला चेष्टा सुचतेय?" बाई खेकसल्या. त्यांनी वॉर्डाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. सकाळी आणखी वर, चौकटीबाहेरच्या ओल्या गिलाव्यात रेघ कोरलेली होती. जमिनीवरच्या चुन्याच्या भुकटीत एकही पाऊल उमटलं नव्हतं.

ताईला भेटायला आल्या त्या दिवसाबद्दल बाई आजवर कुणापाशी बोलल्या नव्हत्या. बाबांनी बोट धरून आणलं होतं, नर्सने पट्ट्याशी उभं केलं होतं. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि बुटकीने झग्याआड हळूच गुडघे वाकवले. "दोन बोटं कमी पडतात हो," नर्स म्हणाली. आतून ताई ओरडली होती, "अगं, ताठ उभी राहा ना!"

उद्घाटनाच्या सकाळी रेघ बाईंच्या डोक्याएवढी आली होती. कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी कपाळाला हात लावला. "बाई, हे काय? बुजवा आधी. तासाभरात पाहुणे येतील."

मॅडम गेल्या. बाईंनी थापीवर चुना घेतला, रेघेजवळ नेला, आणि हात तिथेच अडला. ही बुजवली तर ताईला दुसऱ्यांदा फसवलं असं होईल. त्यांनी थापी ठेवली, दार लोटलं आणि भिंतीला पाठ लावली. गुडघे आपसूक वाकले.

"ताई, मी पट्ट्याला पुरत होते गं," त्यांना रडू फुटलं. "मी घाबरले होते."

डोक्यावर एक लहानसा, गार तळवा टेकला. तो दाबत नव्हता, वाट बघत होता. बाईंनी कळ सोसत गुडघे सरळ केले. कानामागे पेन्सिल खरखरली.

"आता पुरलीस," अगदी जवळून कुणीतरी म्हणालं. "ये आत."

जिन्यावर पाहुण्यांची पावलं वाजू लागली. दाराची आतली कडी सावकाश सरकली आणि बसली.