पावबाबांची हाक

कार्टूनमधल्या पावबाबांना आवाज देणारे तोकुजिरो कुराउची स्टुडिओत शिरले तेव्हा दुपार कलली होती, तरी सगळे "शुभ सकाळ, बाबा!" म्हणत कमरेत वाकले. या धंद्यात दिवसभर सकाळच असते. पण आज कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं, कारण बाहेरच्या बाकावर कातायामा बसला होता. तरणाबांड, खणखणीत गळ्याचा. आज म्हाताऱ्याचा आवाज लागला नाही, तर पावबाबांचं काम त्याच्याकडे जाणार होतं.

पावबाबा म्हणजे कार्टून मालिकेतला डोंगरातला बेकरीवाला. कोंता नावाचं कोल्ह्याचं अनाथ पिल्लू त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. दर भागाच्या शेवटी कोंता कुठेतरी हरून, रडत बसतो आणि पावबाबा दारातून हाक मारतात, "कोंता, घरी ये रे! पाव गरम आहे!" वर्षानुवर्षं ती हाक ऐकून घरोघरची पोरं जेवायला उठली. आणि तोकुजिरोंच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून नेमकी तीच हाक हरवली होती. बोलणं जमायचं, हाक मारायला गेलं की आवाजाच्या चिंधड्या व्हायच्या.

तोकुजिरोंच्या हातांकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली. हात रिकामे होते.

रेकॉर्डिंग सुरू झालं. माईक मोजके, माणसं जास्त. ज्याचं वाक्य येईल त्याने मांजराच्या पावलांनी पुढे यायचं, बोलायचं आणि मागे सरायचं. कपडा सळसळता कामा नये, पान वाजता कामा नये. सगळं सुरळीत चाललं आणि शेवटी ती हाक आली.

"कोंता, घरी ये…" पुढचं घशातच राहिलं.

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून दिग्दर्शिका मिहारू म्हणाली. ती याच हाकेवर वाढलेली. तिचा जीव अगदी तुटत होता, पण आवाज कोरडा ठेवला होता.

पुन्हा घेतलं. आधीपेक्षा वाईट.

तोकुजिरोंना घाम फुटला. जुन्या हाकेचा तो वरचा सूर पकडायला ते जिवाच्या आकांताने धडपडत होते आणि सूर काही हाती येत नव्हता. संपलं, त्यांना वाटलं. सरळ बाहेर जावं आणि त्या पोराला आत पाठवावं. तरी शेवटचं एकदा ते माईकपाशी उभे राहिले. समोर लाल दिवा लागला. सगळे श्वास रोखून उभे.

आणि त्या शांततेत कुणाचं तरी पोट गुरगुरलं! साधंसुधं नाही, चांगलं लांबलचक, सुरात.

नामिए! कोंताचा आवाज काढणारी, नातवंडं असलेली बाई, लाजेने लालेलाल झाली. पोटावर हात दाबून ती पुटपुटली, "बाबा, चुकले हो. तुम्ही पाव आणाल म्हणून घरून काही खाऊन निघालेच नाही."

म्हाताऱ्याच्या काळजात चर्र झालं. माईकला पोटातलं गुरगुरणंही ऐकू जातं, म्हणून दर खेपेला ते सगळ्यांसाठी गोड सारणाचे पाव आणायचे. आज स्वतःच्या घशाच्या काळजीत साफ विसरले. ही सगळी मंडळी त्यांच्या भरवशावर उपाशी उभी होती!

"अगं माझे बाई!" ते कळवळले आणि त्याच दमात पोटातून हाक निघाली, "कोंता, घरी ये रे! पाव गरम आहे!"

जुनी हाक नव्हती ती. खरखरीत होती, मधे चिरलेली होती, पण थेट डोंगरापलीकडे गेली. नामिएला पुढचं वाक्य वाचावंही लागलं नाही. "आलो, बाबा!" म्हणताना ती खरीच रडली.

काचेपलीकडे मिहारू खुर्चीवरून उठून टाळ्या पिटत होती. "हेच! हेच ठेवायचं!"

"आणि माझं पोट?" नामिए ओरडली.

"तेही ठेवायचं! कोंताला भूक लागत नाही होय?"

स्टुडिओत नुसता दंगा उसळला. ज्या खोलीत कागद वाजलेला चालत नाही, तिथे माणसं पाय आपटून नाचत होती. तोकुजिरो मात्र थांबले नाहीत. तडक कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले, भली मोठी पिशवी भरून आणली आणि पहिला पाव बाकावरच्या कातायामापुढे धरला.

"घे रे. तूही उपाशीच असशील."

कातायामाने दोन्ही हातांनी पाव घेतला. दाराच्या फटीतून त्याने सगळं ऐकलं होतं. तो खाली वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही.

"बाबा," तो म्हणाला, "लहानपणी या हाकेवर मी खेळ टाकून घरी पळायचो. आजही पळतो." आणि पाव खात खात, हसत, तो घरी गेला.