बर्फखान्यातला समुद्राचा हात

बंदरावरच्या बंद पडलेल्या बर्फखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध काचेची मोठी टाकी, टाकीत खारं पाणी, तळाला वाळू आणि वाळूतून मनगटापर्यंत वर आलेला एक पांढुरका, लिबलिबीत हात. पाण्यात बोट घालून प्रश्न विचारायचा. उत्तर ‘हो’ असलं तर तो हात हळूच मिटून बोट धरायचा, ‘नाही’ असलं तर तसाच पसरलेला राहायचा. ‘नाही’ क्वचितच यायचं. बुडालेल्यांच्या घरच्यांना ‘नाही’ ऐकवून कुठल्या बाबाचं दुकान चाललंय?

टाकीमागे चौथऱ्यावर सागरबाबा बसले होते, कमरेपासून खाली निळी शाल पांघरून. “समुद्र बोलत नाही, लेकरांनो, समुद्र धरतो!” ते गरजले. “सायन्स जिथे गटांगळ्या खातं, तिथून आमचं पोहणं सुरू होतं!”

लोकांनी माना डोलावल्या. गटांगळ्या खाणाऱ्या त्याच सायन्सचा माइक बाबांनी हातात घट्ट धरला होता, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

गर्दीत धाकटी उभी होती, वहिनीचा दंड धरून. दंड कसला, नुसतं हाड. दादाची मासेमारीची बोट वादळात नाहीशी झाली त्याला महिना होत आला होता. बाबांनी वहिनीला सांगून ठेवलं होतं, “तुझा नवरा एका खडकावर जिवंत आहे. पण तू खाशील तो घास त्याच्या तोंडचा जाईल.” तेव्हापासून वहिनी साखरपाण्यावर होती. अंगावरचं दूध आटलं होतं आणि घरी आजीच्या मांडीवरचं तिचं तान्हं बाटली तोंडात धरत नव्हतं. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, धाकटीच्या आईने हात जोडून सांगितलं. वहिनीने कुणाचं म्हणून ऐकलं नाही.

आणि धाकटीचं तर मुळीच नाही. खरं तर असे हात बनवणं हेच धाकटीचं काम. खोल समुद्रातले नाजूक जीव लोखंडी चिमट्याने धरले की त्यांचा चेंदामेंदा होतो, म्हणून तिची संस्था पाण्याखालच्या यंत्रांना सिलिकॉनची मऊ बोटं बसवायची. बोटाच्या पाठीत पोकळ्या, पोटाला न ताणलं जाणारं कापड. आत दाब दिला की पाठ फुगते, पोट ताणलं जात नाही, मग बोटाला वाकण्यावाचून गत्यंतर नसतं. हे हात बनवायची कृती सगळ्या जगाला खुली होती. बाबांनाही.

“तुझे हात तुझ्या प्रयोगशाळेत,” वहिनी म्हणायची. “हा त्याला ओळखतो.”

त्यांची पाळी आली. वहिनीने बोट घातलं, हाताने ते धरलं आणि तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांत पाणी आलं. मग धाकटीने बोट घातलं. कुठला प्रश्न विचारायचा ते ती घरून ठरवून आली होती. तोंडातून भलतंच निघालं.

“दादा आहे?”

हात मिटला. अगदी अलगद. आत किती दाब आहे ते ती आकड्यात सांगू शकली असती, तरी तिने बोट मागे घेतलं नाही. आहे, दादा आहे! क्षणभर तिला ते खरंच वाटलं. त्या क्षणी कुणी सांगितलं असतं तर तिनेही अन्न सोडलं असतं.

तेवढ्यात त्या मनगटातून एक बुडबुडा निघाला, वर आला आणि फुटला.

समुद्राच्या हाताला हवा कशाला लागते? खोल पाण्यात हवा चेपते, म्हणून त्यांच्या संस्थेच्या हातांत पाणीच भरत. हा हात हवेवर चालत होता आणि कुठेतरी गळत होता. बुडबुड्याबरोबर दादाही गेला. आता तोंड उघडलं तर वहिनीच्या लेखी त्याला आपणच मारणार, हे तिला कळत होतं. तिने वहिनीच्या दंडाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

“बाबा, अजून एक विचारते. पण मनातल्या मनात. समुद्राला ऐकू येईलच की!”

“विचार, विचार!” लोक ओरडले.

बाबा घुटमळले. मग त्यांनी डोळे मिटले, शाल किंचित हलली आणि हात मिटला.

“हो म्हणाला ना?”

“हो! समुद्राचा शब्द आहे!”

“मी विचारलं, हा हात रबराचा आहे का?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी माइक सावरेपर्यंत धाकटीने कोपरापर्यंत हात घालून तो हात उपटला. वाळू उडाली आणि मागोमाग एक लांबलचक नळी वर आली, थेट चौथऱ्याखाली गेलेली. एका म्हाताऱ्या हमालाने शाल ओढली. बाबांचा उजवा पाय फुगणाऱ्या गादीत हवा भरायच्या पंपावर होता.

“हे... हे समुद्राशी संपर्काचं साधन आहे!” बाबा म्हणाले. पण आता माइक हमालाकडे होता.

वहिनीने बाबांकडे पाहिलंही नाही. तिने धाकटीच्या थोबाडीत मारली.

“तो होता! आत्ता होता! तू मारलंस त्याला!”

“मलाही तोच पाहिजे होता गं,” धाकटी रडत म्हणाली. तिने पंपाची नळी सोडवली, तो रबरी हात वहिनीच्या ओंजळीत ठेवला आणि नळीचं तोंड तिच्या ओठांशी धरलं. “फुंक.”

वहिनीने फुंकलं. बोटं मिटली, तिचाच अंगठा धरून. श्वास संपला, बोटं सुटली. तिने पुन्हा फुंकलं, पुन्हा. मग नळी खाली ठेवली.

धाकटी लोकांकडे वळली. “फसलो म्हणून लाजू नका. मी हे हात बनवते, तरी आत्ता तुमच्यासमोर फसले. दुःखात माणूस मिळेल तो हात धरतो. फक्त धरायच्या आधी वाकून बघा, मागे कुणाचा पाय आहे ते. आणि प्रश्न विचारा. खऱ्याला प्रश्नाने काही होत नाही.”

वहिनीने विचारलं, “तुमचं यंत्र जाणार ना खाली, त्याची बोट शोधायला?”

“या आठवड्यात. बोटं अशीच आहेत त्याची. पण ती हो-नाही सांगत नाहीत. सापडेल ते न मोडता वर आणतात.”

“काय सापडेल?”

“माहीत नाही, वहिनी.”

त्या बर्फखान्यात हे दोन शब्द तोवर कुणी उच्चारले नव्हते.

धाकटीने पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. वहिनीने एक बिस्कीट घेतलं, ओठांपर्यंत नेलं आणि तिचा हात थांबला.

“धाकटे, हा त्याच्या तोंडचा घास नाही ना?”

“नाही गं. हा तुझा आहे. आणि बाळाचा.”

वहिनीने बिस्कीट खाल्लं. रडत रडत, पण सगळं खाल्लं.