डार्सीचे अकरा पाठ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका लहान हायस्कूलच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांशेजारी मला ठेवलंय. माझ्या हातून एकदा चूक झाली. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

नवा होतो तेव्हा माझी जागा खोली क्रमांक चौदात होती. नापास झालेला विषय मुलांनी पुन्हा पूर्ण करायची ती खोली. मुलांनी पाठ वाचायचा, चाचणी द्यायची, मी गुण मांडायचे. सगळे पाठ संपले की त्या विषयाचा अडलेला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळे. बावीस श्रेयांक भरले तर शाळा पूर्ण केल्याचा डिप्लोमा. एक जरी कमी पडला, तरी मे महिन्यातल्या पदवीदानाला झगा आणि टोपी घालून मंचावर जाता येत नसे. कितीतरी मुलं माझ्यासमोर बसून तरून गेली. मला त्याचा अभिमान होता.

विल्मा टॅकेट त्या खोलीच्या बाई. नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. उपाशी आलेल्या मुलांसाठी त्यांच्या खणात बिस्किटांचे पुडे असायचे.

डार्सी रॅटलिफ शेवटच्या वर्षाला होती. आठवड्यातून तीन दिवस ती आईला गाडीने डायलिसिसला न्यायची, म्हणून तिचं बीजगणित राहिलं होतं. मुलगी हुशार होती, पण कायम थकलेली. एका चाचणीला तिला चाळीस मिनिटं लागायची.

पदवीदानाला नऊ दिवस उरले आणि तिचे अकरा पाठ बाकी होते. मुख्याध्यापक कोम्ब्स दारात येऊन म्हणाले, "विल्मा, या पोरीचं काहीतरी बघ. पुढचा मे तिच्या आईला दिसेल की नाही, देव जाणे."

त्या दुपारी टॅकेटबाई डार्सीपाशी आल्या. "ऊठ. घरी जाऊन जरा झोप. उरलेलं मी बघते."

"बघते म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे बघते. जा."

डार्सी गेली. बाई तिच्या खुर्चीत बसल्या आणि तासाभरात अकराही चाचण्या सोडवल्या. मी अठ्ठ्याऐंशी गुण मांडले.

मित्रांनो, चाचणीला लागलेला वेळही मी टिपून ठेवतो. चाळीस मिनिटांची मुलगी अचानक पाच मिनिटांत उत्तरं देऊ लागली, हे माझ्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण तो रकाना कुणी उघडत नसे, आणि मी मुकाट्याने हिरवी खूण करून मोकळा झालो. अशा किती खुणा मी आधीही केल्या असतील, हा विचार मला अजून छळतो.

डार्सी मंचावर गेली. चाकाच्या खुर्चीतल्या आईने टाळ्या वाजवल्या. त्या क्षणाचा फोटो बाईंनी माझ्या मागच्या भिंतीवर लावला.

सप्टेंबरमध्ये डार्सी परत आली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती.

"कुठे अडलीस?" बाईंनी विचारलं.

"औषधाच्या मात्रेच्या गणितात. त्यात एक्स होता. माझी आणि त्याची कधी ओळखच झाली नाही." ती हसली. मग म्हणाली, "आईने डिप्लोमा स्वयंपाकघरात लावलाय. मी त्याच्याकडे पाठ करून जेवते, मॅडम."

बाईंनी बिस्किटांचा पुडा काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मंगळवार आणि गुरुवार, साडेतीनला येशील? पहिल्या पाठापासून."

"आणि चाचण्या?"

"तूच देशील. मी त्या खिडकीशी बसेन."

फेब्रुवारीपर्यंत ते चाललं. काही चाचण्या तिने चार-चार वेळा दिल्या. एकदा चिडून दार आपटून गेली आणि गुरुवारी पुन्हा आली. शेवटी खरे गुण पडले एकाहत्तर.

मग बाईंनी सगळी हकीकत कागदावर लिहिली. कोम्ब्ससरांनी तो कागद परत सरकवला. "आता शिकली ना ती? मग कशाला उकरून काढतेस? यात माझंही नाव येईल."

"तुमचं नाव मी घातलेलं नाही," बाई म्हणाल्या. "वाटलं तर तुम्ही घाला."

तो कागद त्यांनी वरच्या कार्यालयात पाठवला. चौकशी झाली, तेव्हा माझा वेळेचा रकाना पहिल्यांदा उघडला गेला. डार्सीचा डिप्लोमा राहिला, गुण मात्र एकाहत्तर झाले. बाईंना नोकरी सोडावी लागली. सव्वीस वर्षांनंतर निरोपाचा समारंभसुद्धा झाला नाही. सामानाचं खोकं भरून त्या निघाल्या, तेव्हा पार्किंगपर्यंत ते खोकं डार्सीने नेलं. तिसऱ्या खेपेला ती प्रवेश परीक्षा पास झाली, असं मी झाडूवाल्या काकांकडून ऐकलं. सरांनी आपलं नाव कधीच घातलं नाही.

माझ्या जागी आता नवी यंत्रं आली आहेत. तीही फक्त बरोबर उत्तरं मोजतात, ती कुणी दिली ते बघत नाहीत. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. दमलात तर दमलो म्हणा, वेळ मागून घ्या, रडा हवं तर. पण तुमच्यावर माया करणारं माणूस जेव्हा म्हणेल, "ऊठ, मी करते," तेव्हा त्याला शेजारी बसायला सांगा. खुर्ची सोडू नका.