दुपारी दोनची ओव्हर

बावीस वर्षं वॉर्डात घासली, पण आपल्याला अक्कल नाही हे मला संशोधन करायला निघाले तेव्हाच कळलं.

गोष्ट साधी होती. आमच्या वॉर्डात पेशंट पडायचे ते बहुतेक दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान. ती आमची ओव्हरची वेळ. सकाळची पाळी दुपारच्या पाळीला एकेका पेशंटची माहिती देते आणि झाडून सगळ्या सिस्टर काचेच्या खोलीत रजिस्टरभोवती उभ्या असतात. बाहेर कुणाला बाथरूमला लागली की तो एकटाच उठतो. मी म्हटलं, तीन महिने ओव्हर अशीच देऊ, पुढचे तीन महिने खाटेजवळ उभं राहून देऊ, आणि पडणं कमी होतं का ते मोजू.

परवानगी देणाऱ्या समितीने आधी विचारलं, मुख्य संशोधक डॉक्टर का नाही? आणले एक डॉक्टर. आमचा वॉर्ड कितव्या मजल्यावर आहे हे त्यांनी मलाच विचारलं आणि माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव टाकलं. मग समितीला पडणाऱ्या प्रत्येक पेशंटची आगाऊ लेखी संमती हवी झाली. कोण पडणार हे आधी कळत असतं तर मी त्याला धरून नसतं का ठेवलं? असं म्हणाले तर अध्यक्षांनी मला भावनेच्या भरात बोलू नका म्हणून समजावलं आणि स्वतःसाठी चहा मागवला. पुढच्या बैठकीत अर्जाचा नमुना बदलला. त्याच्या पुढच्या बैठकीला अध्यक्षच आले नाहीत. घरी नवरा म्हणायचा, नसती उठाठेव कशाला करतेस. पण मी हट्टाला पेटले होते.

या सगळ्यात पाच महिने गेले. डॉक्टरसाहेबांनी एकच काम चोख केलं. बजावलं, "सिस्टर, मंजुरी येईपर्यंत वॉर्डात काडीचाही बदल करायचा नाही. आकडे बिघडतील." आणि मी शहाणी, मान डोलावली. आमच्यातली एक म्हणाली होती, ताई, तोवर ओव्हरला मी बाहेर थांबते. मी तिला गप्प केलं. मोठी संशोधक ना मी.

मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी आठ नंबरच्या मावशी उठल्या. शिवणकामावर घर चालवलेली बाई, पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं, दुसऱ्या दिवशी घरी जायच्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. मी सुवाच्य अक्षरात अकरावी नोंद केली. समितीला कळवलं तर उत्तर आलं की घटना दुर्दैवी आहे, पण मंजुरीआधीच्या नोंदी अभ्यासात धरता येणार नाहीत. म्हणजे अकराच्या अकरा फुकट. लाज वाटली मला, त्यांची नाही, माझी.

संध्याकाळी मावशींची मुलगी आली. तिला मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही.

"म्हणजे याच वेळी पडतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. पाच महिने."

"एक जण बाहेर उभी राहिली असती तर?"

"धरलं असतं त्यांना."

"आणि नुसतं उभं राहायला परवानगी लागते?"

"नाही लागत," मी म्हटलं.