समोरचे दुकान

"दादा, खरं सांगा, कार्ड आहे का नाही?"

काउंटरवर दोन्ही हात टेकून प्रांजली उभी होती. ती ॲनिमेशन शिकत होती. तिच्या कॉम्प्युटरमधले ग्राफिक्स कार्ड जळून वीस दिवस झाले होते आणि कॉलेजात प्रकल्प दाखवायला आठवडाच उरला होता.

"नाय ना, ताई. कंपनीकडूनच माल येईना," इंद्रजीत म्हणाला. "समोर विचारलं का?"

"समोरचे म्हणतात, तुमच्याकडं विचारा."

मागे उभी असलेली पोरे हसली. प्रांजली हसली नाही.

इंद्रजीत बारा वर्षे शहरातल्या गारखेडा भागातल्या या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसत होता. मालक तात्यासाहेब निळ्या खोक्यातली कार्डे विकत. रस्त्यापलीकडे साहेबरावांचे दुकान, तिथे लाल खोक्यातली. या दोन कंपन्यांचे जगभर हाडवैर, आणि दोन मालकांचे गारखेड्यात. एकाने भाव उतरवल्याची पाटी लावली की तासाभरात दुसऱ्याची पाटी लागे. तात्यासाहेबांच्या दुकानात साहेबरावांचे नाव घ्यायची बंदी होती, नुसते 'समोरचा' म्हणायचे. चहासुद्धा दोन्हीकडच्या नोकरांनी वेगवेगळ्या टपरीवर प्यायचा.

तरीही समोरच्या दुकानात इंद्रजीतचा जिवाभावाचा दोस्त होता. दौलताबादचा हनुमान. बाप मल्हारी मेंढरे राखायचा. आयटीआयला दोघे एका बाकावर होते. पुढे हनुमान वर्षभर इंद्रजीतच्याच घरी राहिला, त्याच्या आईच्या, मनकर्णाबाईच्या हातची भाकर खाऊन. सोल्डरचा बारीक डाग द्यावा तो हनुमाननेच, असा त्याचा हात होता.

तीन वर्षांपूर्वी एकदा हनुमान बोलता बोलता म्हणाला होता, "इंद्या, लाल कार्डाची एक खेप पार खराब आलीय. तापून जळतात. मालक तशीच खपवायलाय. मला रातीला झोप येईना."

त्याच संध्याकाळी इंद्रजीतने ते तात्यासाहेबांच्या कानावर घातले. वैऱ्याचे बिंग हाती लागले, मालक खूश होईल, एवढाच त्याचा हिशेब. तात्यासाहेबांनी त्याची पाठ थोपटली. बाजारात मात्र त्या खेपेबद्दल अवाक्षर फुटले नाही. फुटले ते हनुमानचे नशीब. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर कार्ड चोरल्याचा आळ आला आणि तो रस्त्यावर आला. शहरात त्याला पुन्हा कुणी टेबलाशी बसवले नाही.

साहेबरावांना कळले कसे, हे कोडे इंद्रजीतने तीन वर्षे स्वतःपाशीच ठेवले होते. तात्यासाहेब वैऱ्याला कशाला सांगतील? म्हणजे दुसऱ्या कुणीतरी सांगितले असणार. मनकर्णाबाई अधूनमधून विचारायची, "हनुमान लई दिसाचा आला नाय रे?" तो उठून अंगणात जायचा.

प्रांजली जायला वळली आणि दुकानातला फोन वाजला.

"माल उतरवायचाय," पलीकडून ट्रकवाला वैतागून बोलत होता. "पुंडलिकनगरात टाकीपाशी उभा हाय. तुमचा बन्सी फोन उचलेना. गल्ली कंची?"

बन्सी म्हणजे माल सांभाळणारा. त्याच्या घरी सातव्या दिवशी नळ आला होता. गेल्या वर्षी पावसाळा कोरडाच गेला होता, पाण्याच्या दिवशी शहरातला कुणी घर सोडत नव्हता. इंद्रजीतला आनंदच झाला.

"थांबा ताई. माल आलाय बहुतेक," असे म्हणून त्याने गाडीला किक मारली.

ट्रक त्याला टाकीपलीकडच्या दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी दिसला; ट्रकवाल्याने विचारत विचारत जागा शोधली होती. पुढे एका बंद बंगल्याचे फाटक उघडे होते. तो आत गेला आणि दारातच थबकला.

हॉलभर खोकी रचली होती, थेट छतापर्यंत. डाव्या हाताला निळी, उजव्या हाताला लाल. मधल्या जागेत दोन खुर्च्या. एकीवर तात्यासाहेब, दुसरीवर साहेबराव. साहेबराव थर्मासमधला चहा तात्यासाहेबांच्या कपात ओतत होते.

साहेबरावांनी थर्मास हळूच खाली ठेवला.

"तुला कुणी पाठवलं?" तात्यासाहेबांनी विचारले.

"ट्रकवाल्याचा फोन आला. बन्सी घरी हाय." इंद्रजीतने खोक्यांकडे पाहिले. "साहेब, गिऱ्हाईक महिनाभर माघारी चाललंय. आपण माल नाय म्हणतो, आन् भाव चढत चाललाय."

"बस आधी."

"उभाच बरा हाय."

तात्यासाहेब हसले. "अरे, आमचं भांडण पाटीवरचं. खरंच भांडलो असतो तर दोघांचाही धंदा कवाच बसला असता. आणि आम्हीच कशाला? त्या मोठ्या कंपन्या तरी खऱ्या भांडतात का? तूच दाखवलं होतंस ना मला, दोन्ही कार्डं खोलून? आतली मेमरी एकाच कारखान्याची. आतून समदे एकच असतात, इंद्रजीत."

"एका दुकानातून सामान आणलं म्हणून दोन घरं एक होत नायत, साहेब. त्या कंपन्यांनी आतून काय ठरवलंय का नाय, मला माहीत नाय. मी पाहिलेलं नाय." त्याने खोक्यांकडे हात केला. "हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघायलोय."

मग त्याच्या तोंडून ते बाहेर पडले.

"हनुमानचं तुम्हीच सांगितलं ना यांना?"

तात्यासाहेबांनी चहाचा कप उचलला. उत्तर साहेबरावांनी दिले, सहज, हवापाण्याचे बोलावे तसे.

"मग काय करायचं? त्याचं तोंड उघडं होतं. तुझं बंद राहील, असं तात्या म्हणतो. पुढच्या महिन्यात जालना रोडला तिसरं दुकान काढतोय. तिथं मॅनेजर लागेल."

तीन वर्षे जे कोडे म्हणून जपले होते, त्याचे उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्याला ते बघायचे नव्हते, इतकेच. त्याने दुकानाची किल्ली खिशातून काढून निळ्या खोक्यावर ठेवली.

"बाहेर एक शब्द गेला तर या शहरात तुला कुणी पेचकस धरू देणार नाही," मागून तात्यासाहेबांचा आवाज आला. "मित्राचं काय झालं ते ठाऊक आहे ना?"

दुकानापुढे प्रांजली तशीच थांबली होती. आणखी सातआठ गिऱ्हाईके जमली होती. समोरच्या दुकानाच्या पायरीवरही चारपाच जण उभे होते. इंद्रजीत गाडीवरून उतरला. तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा ओरडला.

"माल हाय! दोन्हीकडचा हाय, एकाच घरात! टाकीच्या पलीकडं दुसरी गल्ली, उघडं फाटक. जाऊन बघा!"

लोक गेले. त्यांनी फोटो काढले. चार दिवस शहरात तोच विषय होता. आठवड्याच्या आत दोन्ही दुकानांत कार्डे मिळू लागली आणि भावही जरा उतरला. प्रांजलीचा प्रकल्प वेळेवर झाला. दोन्ही दुकाने मात्र चालूच राहिली, आणि तात्यासाहेबांनी आपला शब्द खरा केला. इंद्रजीत सोळा दिवसांत सोळा ठिकाणी काम मागून आला. कुठे जागा नव्हती, कुठे मालक नव्हता.

सतराव्या दिवशी तो दौलताबादला गेला.

किल्ल्याच्या खाली, रसवंतीच्या शेजारी मोबाइल दुरुस्तीची पत्र्याची टपरी होती. हनुमान आत एका खोललेल्या मोबाइलवर वाकला होता. केस कानापाशी पांढरे झाले होते. बाहेर त्याची आई बानाबाई बसली होती. इंद्रजीतला बघून ती हरखली.

"इंद्रजीत का रं? आरं, किती वाळलास! आई बरी हाय ना?"

"बरी हाय, मावशी."

हनुमानने वर पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. इंद्रजीत दारातच उभा राहिला. वाटेत जुळवलेले सगळे बोलणे तो विसरून गेला होता.

"हणम्या, ते खेपेचं मी सांगितलं व्हतं. तात्यासाहेबाला."

हनुमानचा हात थांबला नाही.

"माहीत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? तुझ्याबिगर मी कुणापाशी बोललोच नव्हतो."

रसवंतीची घुंगरे वाजत होती. बानाबाई एकदा लेकाकडे, एकदा पाहुण्याकडे बघत राहिली. इंद्रजीतला वाटले, आता हा जा म्हणेल. म्हणावे, असेही वाटले.

मग हनुमानने मान वर न करताच टेबलावरचा टॉर्च त्याच्याकडे सरकवला.

"बल्ब गेलाय. धर जरा. हितं, या कोपऱ्यावर."

इंद्रजीत वाकून आत शिरला. बसायला जागा नव्हती. गुडघे टेकून त्याने टॉर्च धरला. हनुमान डाग देऊ लागला, एक, मग दुसरा. घाम डोळ्यांत उतरत होता, हात भरून आला होता, पण त्याने उजेड जराही हलू दिला नाही.